द्रावणातल्या धातूची विचारपूस : प्रस्तावना

परळीहून बीडकडे जाणाऱ्या रस्त्यावर सिरसाळा लागते. या परिसरातल्या शेतकऱ्याच्या घरी इतर कागदपत्रांसोबत मृदा आरोग्य पत्रिका असते. केंद्र सरकारने ही योजना फेब्रुवारी 2015 मध्ये सुरू केली. पत्रिकेवर मातीच्या बारा गुणांची नोंद असते. त्यांतले दोन, म्हणजे सामू आणि विद्युत वाहकता, इलेक्ट्रोड द्रावणात बुडवून मोजले जातात. आणखी चार नोंदी जस्त, लोह, तांबे आणि मँगनीज या धातूंच्या असतात. हे धातू मातीतून मोजणीसाठी बाहेर काढायचे तर डीटीपीए नावाचे द्रव्य वापरतात. ते धातूच्या आयनाला चहूबाजूंनी धरते आणि द्रावणात आणते. लिंडसे आणि नॉर्व्हेल यांनी 1978 मध्ये मांडलेली ही पद्धत 7.3 सामूच्या द्रावणात चालते. म्हणजे पत्रिकेतल्या बारापैकी सहा नोंदींमागे या पुस्तकाचा विषय उभा आहे : संक्रमण धातूंची जटिल संयुगे आणि त्यांच्याशी विजेच्या भाषेत बोलण्याच्या पद्धती. काटेकोर व्याख्येत जस्त संक्रमण धातूंत बसत नाही, कारण त्याच्या आयनाचे डी कवच पूर्ण भरलेले असते. पण लिगँड, म्हणजे धातूभोवती बसणारे रेणू किंवा आयन, धरण्याच्या कामात ते याच कुटुंबात वावरते, म्हणून या पुस्तकात ते बाहेरचे मानलेले नाही.

हे पुस्तक मुख्यतः सिरसाळ्याच्या पंडितगुरू पार्डीकर महाविद्यालयासारख्या ग्रामीण महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांना समोर ठेवून लिहिले आहे. मराठवाड्यात रसायनशास्त्राचे संशोधन करायचे म्हटले की बहुतेकांची पावले दोन वाटांनी पडतात. एक म्हणजे नवा लिगँड, बहुधा शिफ बेस, तयार करून त्याची तांबे, निकेल, कोबाल्ट यांच्याशी संयुगे बनवायची. दुसरी म्हणजे पीएच मीटरसमोर बसून त्या संयुगांचे स्थैर्यांक, म्हणजे ती किती घट्ट बांधलेली आहेत याचे आकडे, काढायचे. दुसरी वाट दुय्यम समजली जाते, कारण तिला लागणारे यंत्र साधे असते. ही समजूत खोडून काढणे हा या प्रस्तावनेचा हेतू आहे. क्ष-किरणांनी मिळालेले चित्र स्फटिकातल्या संयुगाचे असते. पण धातू मातीत, रक्तात, मुळांत किंवा औषधात काम करतो तो द्रावणात. तिथे तो कोणाला किती घट्ट धरतो, इलेक्ट्रॉन कधी घेतो, कधी सोडतो आणि त्यानंतर त्याचे काय होते, हे प्रश्न विद्युतरसायनाने विचारायचे असतात. उत्तराची किंमत यंत्राच्या किमतीवर ठरत नाही, मोजमापाच्या शिस्तीवर ठरते.

पहिला प्रश्न मोकळ्या आयनांचा. जटिल संयुगांच्या शास्त्राची सुरुवातही त्यानेच, आणि साध्याच यंत्राने, झाली. 1893 मध्ये झुरिचमध्ये आल्फ्रेड वेर्नर यांनी जटिल संयुगांची नवी कल्पना मांडली. धातूला दोन प्रकारच्या संयुजा असतात. त्यांतली एक आयनांनी भागते, तर दुसरी धातूभोवतीच्या ठरावीक जागा भरते, आणि कोबाल्टच्या बाबतीत अशा जागा सहा असतात. त्या काळी डेन्मार्कच्या योर्गेन्सेन यांची, अमोनिया साखळीने जोडलेले मानणारी, उपपत्ती प्रतिष्ठित होती. वाद मिटवायला वेर्नर आणि आर्तुरो मिओलाती यांनी वापरली ती द्रावणाची विद्युत वाहकता. कोबाल्ट क्लोराइडच्या सहा अमोनिया असलेल्या संयुगाची मोलर वाहकता सुमारे 430 आली, म्हणजे द्रावणात चार आयन. पाच अमोनियाच्या संयुगाची सुमारे 260, म्हणजे तीन आयन. चार अमोनियाच्या संयुगाची सुमारे 100, म्हणजे दोनच. तीन अमोनियापर्यंत उतरले की वेर्नर यांच्या मते आयन उरायलाच नकोत, आणि तशा संयुगांची वाहकता शून्याच्या आसपास आली. बाटलीवरचे सूत्र तेच क्लोरीन दाखवत होते, पण त्यातले किती धातूला चिकटलेले आणि किती मोकळे, हे विजेने सांगितले. वेर्नर यांना 1913 चे नोबेल मिळाले. आजही नवे संयुग बनवणारा विद्यार्थी डीएमएफमध्ये त्याची वाहकता मोजून ते विद्युतअपघट्य आहे की नाही ते लिहितो. ही एक ओळ लिहिताना तो वेर्नर यांचाच युक्तिवाद पुन्हा करत असतो, हे त्याला ठाऊक असावे म्हणून पहिले प्रकरण वाहकतेचे आहे.

दुसरा प्रश्न घट्टपणाचा. लिगँड बहुतेक वेळा दुर्बल आम्ल असतो. धातू त्याला धरतो तेव्हा त्याच्यावरचा प्रोटॉन सुटतो आणि द्रावणाचा सामू उतरतो. प्रोटॉन किती सुटले ते मोजले की धातूने किती लिगँड धरले ते कळते. डेन्मार्कचे यानिक ब्येरुम यांनी 1941 मध्ये धातू आणि अमोनिया यांच्या संयुगांवर हा विचार पायरीपायरीने मांडला. मेल्विन कॅल्विन यांनी तो कीलेट संयुगांना, म्हणजे एकच लिगँड धातूला अनेक जागी धरतो अशा संयुगांना, लावला. अर्व्हिंग आणि रोसोटी यांनी 1954 मध्ये मिश्र द्रावकांसाठी गणिताची सोय करून दिली. आपल्याकडचे बरेचसे लिगँड पाण्यात विरघळत नाहीत, म्हणून डायॉक्सेन आणि पाणी यांचे मिश्रण घ्यावे लागते, आणि म्हणून अर्व्हिंग-रोसोटी हे नाव मराठवाड्यातल्या प्रबंधांत इतक्यांदा भेटते. कृती सोपी दिसते. नुसते आम्ल, आम्ल अधिक लिगँड, आणि आम्ल, लिगँड अधिक धातू, अशी तीन अनुमापने एकाच अल्कलीने करायची आणि तीन वक्रांमधली आडवी अंतरे मोजायची. या अंतरांतून स्थैर्यांक निघतो. पण सोडियम हायड्रॉक्साइडने हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढला असेल, आयनिक तीव्रता सर्वत्र सारखी ठेवली नसेल, किंवा धातूचे हायड्रॉक्साइड बनू लागल्यावरही आकडे घेत राहिला असाल, तर वक्र देखणे येतात आणि उत्तर चुकते.

असे उत्तर पडताळायला एक जुना क्रम हाताशी आहे. अर्व्हिंग आणि विल्यम्स यांनी 1948 मध्ये दाखवले की लिगँड कोणताही असो, द्विसंयुजी धातूंचे स्थैर्य मँगनीजपासून लोह, कोबाल्ट, निकेल असे चढत तांब्यापाशी शिखर गाठते आणि जस्ताला उतरते. आपले आकडे हा क्रम मोडत असतील तर शोध लागल्याच्या आनंदात राहण्याआधी ब्युरेट आणि बफर तपासावे.

तिसरा प्रश्न या पुस्तकाचा गाभा आहे : इलेक्ट्रॉनाचा. पाठ्यपुस्तकातल्या तक्त्यात फेरिक-फेरस जोडीचा विभव 0.77 व्होल्ट असा छापलेला असतो, आणि विद्यार्थी तो लोहाचा गुणधर्म म्हणून पाठ करतो. वास्तविक तो पाण्याने वेढलेल्या लोहाचा गुणधर्म आहे. त्याच लोहाभोवती सायनाइड आले की आकडा सुमारे 0.36 होतो. फेनँथ्रोलिन आले की 1.06 किंवा त्याच्याही वर जातो. ईडीटीए आले की जवळजवळ 0.12 वर उतरतो. धातू एकच, पण मोजमाप सोबतीप्रमाणे बदलते. कारण सरळ आहे. विभव हा दोन बंधांमधला फरक असतो : लिगँड फेरिकला किती घट्ट धरतो आणि फेरसला किती. फेरिकला जास्त घट्ट धरणारा लिगँड विभव खाली ओढतो, फेरसला जास्त मानवणारा लिगँड तो वर ढकलतो.

हे शब्दांवर सोडायची गरज नाही, आकड्यांनी तपासता येते. फेरिक-ईडीटीएच्या स्थैर्यांकाचा लॉगॅरिदम सुमारे 25.1 आहे आणि फेरस-ईडीटीएचा सुमारे 14.3. फरक 10.8. त्याला 0.059 ने गुणले की 0.64 व्होल्ट येतात. 0.77 मधून ते वजा केले की 0.13 उरतात, प्रयोगातल्या आकड्याला लागूनच. हे गणित उलटही चालते, आणि खरा उपयोग तिथेच आहे. फेरिक-ईडीटीए इतके घट्ट असते की साध्या सामू-अनुमापनाने त्याचा स्थैर्यांक धड निघत नाही, कारण आम्लातही ते सुटत नाही. म्हणून गेरोल्ड श्वार्त्सेनबाख आणि हेलर यांनी 1951 मध्ये दोन्ही लोहांचा समतोल विभवाच्या वाटेने मोजला. श्वार्त्सेनबाख वेर्नर यांच्याच झुरिचमधले. ईडीटीएने पाण्याची कठीणता मोजण्याचा जो प्रयोग बी.एस्सी.चा प्रत्येक विद्यार्थी करतो, तो त्यांच्याच 1940 च्या दशकातल्या कामातून आला.

आता हाच ईडीटीए कृषी सेवा केंद्रात पाहू. तिथे चिलेटेड झिंक आणि चिलेटेड फेरस या नावांनी पुड्या मिळतात. खत नियंत्रण आदेशाप्रमाणे ईडीटीएने बांधलेल्या दोन्ही खतांत धातू 12 टक्के असावा लागतो. उसावर केवडा पडला, म्हणजे शिरा हिरव्या राहून पान पिवळे पडले, की शेतकरी लोहाकडे वळतो. पण मराठवाड्याच्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीचा सामू आठच्या आसपास असतो. तिथे हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, टाकले तर फेरस लगेच फेरिक होते आणि हायड्रॉक्साइड बनून बसते. गंजाने भरलेल्या जमिनीत पीक लोहासाठी उपाशी राहते. ईडीटीएतले लोहही तिथे टिकत नाही. एकीकडे हायड्रॉक्साइड लोहाला ओढते आणि दुसरीकडे मातीतला मुबलक कॅल्शियम, ज्याच्या स्थैर्यांकाचा लॉगॅरिदम केवळ 10.7 आहे, रिकामा झालेला ईडीटीए बळकावतो. 25 विरुद्ध 11 असा सामना असूनही लोह हरते, कारण एकटा स्थैर्यांक निकाल देत नाही. सामू आणि प्रतिस्पर्ध्याचे प्रमाण यांचाही त्यात वाटा असतो. म्हणून अशा जमिनीत फेरस ईडीटीएची पानांवर फवारणी करतात, आणि जमिनीतून द्यायचे तर ईडीडीएचए हा लिगँड निवडतात, ज्याचा फेरिकसाठीचा लॉगॅरिदम सुमारे 35 आहे.

इतक्या घट्ट बांधलेले लोह मूळ घेते तरी कसे? हरभऱ्यासारख्या द्विदल पिकांच्या मुळांवर फेरिक कीलेटचे क्षपण करणारे विकर असते. ते कीलेटमधल्या फेरिकला एक इलेक्ट्रॉन देते. फेरसची त्या लिगँडवरची पकड सैल असते, म्हणून ते सुटते आणि आत घेतले जाते. ऊस, ज्वारी यांसारखी गवतवर्गीय पिके वेगळी युक्ती करतात. ती स्वतःच लोह धरणारे लिगँड मुळांतून सोडतात आणि बांधलेले फेरिक जसेच्या तसे आत ओढतात. म्हणजे हरभऱ्यासाठी कीलेटचा विभव महत्त्वाचा आणि उसासाठी स्थैर्यांक. एकाच शिवारातली दोन पिके या पुस्तकातली दोन वेगळी प्रकरणे वापरत असतात.

चौथा प्रश्न काळाचा : इलेक्ट्रॉन आला, पुढे काय? याचे उत्तर शोधण्याची वाट यारोस्लाव हेयरोव्स्की यांनी 10 फेब्रुवारी 1922 रोजी प्रागमध्ये उघडली. काचेच्या केशनळीतून थेंबथेंब पडणारा पारा हाच इलेक्ट्रोड करून त्यांनी विभव वाढवत विद्युतधारा नोंदवली. पुढे जपानच्या मासुझो शिकाता यांच्यासोबत त्यांनी ती आपोआप नोंदवणारा पोलरोग्राफ बनवला. 1959 चे नोबेल त्यांना मिळाले. पोलरोग्राफीने जटिल संयुगांना एक सुंदर कसोटी दिली. द्रावणात लिगँड वाढवत नेले की क्षपणाची लाट ऋण बाजूला सरकते, आणि किती सरकली त्यावरून धातूला किती लिगँड धरून आहेत ते मोजता येते. दोन इलेक्ट्रॉनांचे क्षपण असेल आणि लिगँडची संहती दहापट केल्यावर लाट 59 मिलिव्होल्ट सरकली, तर लिगँड दोन. भारतातल्या अनेक विद्यापीठांत काही पिढ्यांनी हे काम केले. पारा विषारी, आणि पाऱ्याचा वापर आवरणारा मिनामाता करार 2017 मध्ये अमलात आला, त्यामुळे नव्या विद्यार्थ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. पण तत्त्व शिकावे, कारण पुढची पद्धत त्याच्याच खांद्यावर उभी आहे.

ती पद्धत म्हणजे सायक्लिक व्होल्टॅमेट्री, प्रयोगशाळेच्या बोलीत सीव्ही. विभव एका टोकाला नेऊन त्याच गतीने परत आणायचा आणि जाताना-येताना धारा नोंदवायची. रँडल्स आणि शेव्हचिक यांनी 1948 मध्ये तिच्या शिखराचे गणित स्वतंत्रपणे मांडले. निकोलसन आणि शेन यांनी 1964 मध्ये तिला निदानाचे साधन केले. जाताना क्षपणाचे शिखर आणि परतताना ऑक्सिडीकरणाचे शिखर मिळाले, दोन्हींची उंची सारखी भरली आणि त्यांच्यात 57 ते 59 मिलिव्होल्टचे अंतर आले, तर एक इलेक्ट्रॉन आला आणि संयुग शाबूत राहून तो परत गेला. परतीचे शिखर गायब असेल तर इलेक्ट्रॉन मिळताच संयुग मोडले किंवा बदलले. वेर्नर यांचे सहा अमोनियांचे कोबाल्ट याचे नामी उदाहरण आहे. त्रिसंयुजी कोबाल्ट अमोनियांना घट्ट धरते. एक इलेक्ट्रॉन मिळून द्विसंयुजी झाले की पकड ढिली पडते, अमोनियांच्या जागी पाणी येते, आणि परत जायला मूळ संयुगच उरत नाही. त्याच कोबाल्टभोवती तीन बायपिरिडीन ठेवले तर ते शाबूत परत येते. ज्या आलेखाकडे बघून विद्यार्थी ‘प्रयोग फसला’ म्हणतो, तो बहुधा रासायनिक अभिक्रियेची बातमी देत असतो.

या बातमीचा उपयोग औषधांपर्यंत पोचतो. 1965 मध्ये अमेरिकेत बार्नेट रोझेनबर्ग यांनी जिवाणूंवर विद्युतक्षेत्राचा परिणाम तपासताना प्लॅटिनमचे इलेक्ट्रोड वापरले. जिवाणूंची विभागणी थांबली ती क्षेत्रामुळे थांबली नव्हती. इलेक्ट्रोडमधून सुटलेल्या प्लॅटिनमची द्रावणातल्या अमोनियम क्लोराइडमुळे जी संयुगे बनली, त्यांनी ती थांबवली होती. त्यातून आलेल्या सिसप्लॅटिनला 1978 मध्ये कर्करोगावरचे औषध म्हणून अमेरिकेत मान्यता मिळाली. महाराष्ट्रात पुणे विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातले सुभाष पाध्ये यांनी थायोसेमिकार्बाझोन लिगँडच्या धातुसंयुगांवर दीर्घकाळ काम केले. जॉर्ज कॉफमन यांच्यासोबत 1985 मध्ये लिहिलेला त्यांचा आढावा या क्षेत्रातल्यांनी वाचायलाच हवा. अशा तांब्याच्या संयुगांबाबत विद्युतरसायनाचा प्रश्न नेमका असतो : पेशीच्या आतले क्षपणकारक पदार्थ या तांब्याला द्विसंयुजीवरून एकसंयुजीवर आणू शकतील का, आणि आणले तर लिगँड त्याला धरून ठेवेल की सोडेल? लिगँडवर एखादा मिथाइल गट वाढवला की विभव सरकतो आणि उत्तर बदलते.

या पद्धतींच्या मर्यादाही इथेच सांगायला हव्यात. व्होल्टॅमेट्री संयुगाचा आकार दाखवत नाही, किती कोनात कोणता अणू बसला ते सांगत नाही. इलेक्ट्रॉन धातूवर आला की लिगँडवर, हेही ती एकटी ठरवू शकत नाही. त्यासाठी वर्णपट, चुंबकीय मापन आणि शक्य तिथे क्ष-किरण यांची साथ लागते. शिवाय विभव सापेक्ष असतो. गावाची उंची सांगताना ती समुद्रसपाटीपासून मोजली की तळ्याच्या पाण्यापासून हे सांगावे लागते, तसा संदर्भ इलेक्ट्रोड सांगावा लागतो. संपृक्त कॅलोमेलचा शून्य प्रमाणित हायड्रोजनपेक्षा सुमारे 0.24 व्होल्ट वर आहे, सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइडचा संपृक्त पोटॅशियम क्लोराइडमध्ये सुमारे 0.20. अॅसिटोनायट्राइलसारख्या द्रावकात काम असेल तर शेवटी थोडे फेरोसीन घालून त्याच्या विभवाशी तुलना करावी. आययूपॅकने 1984 मध्ये हीच शिफारस केली.

आपल्या हवामानाचाही हिशोब धरावा लागतो. 0.059 हा आकडा 25 अंश सेल्सिअसचा आहे. मे महिन्यात मराठवाड्यातल्या प्रयोगशाळेत 40 अंश असतील तर तो 0.062 होतो, आणि पाण्याच्या आयनिक गुणाकाराचा ऋण लॉगॅरिदमही 14.0 ऐवजी 13.5 च्या घरात येतो. बेसाल्टातून आलेले बोअरचे पाणी कॅल्शियम-मॅग्नेशियमने भरलेले असते. ते नीट ऊर्ध्वपातित केले नाही तर लिगँड तुमच्या तांब्यासोबत या धातूंनाही धरू लागतो. सीव्हीच्या द्रावणातून नायट्रोजन सोडून ऑक्सिजन घालवला नाही तर ऑक्सिजन स्वतःच क्षपण पावतो आणि त्याचे शिखर संयुगाच्या नावावर छापले जाते. आधार विद्युतअपघट्य म्हणून परक्लोरेट वापरत असाल तर ते कोरडे तापवू नका, स्फोट होतो.

यंत्राची अडचण पूर्वीइतकी मोठी राहिलेली नाही. पीएच मीटर आणि वाहकतामापक पदवीच्या प्रयोगांसाठी लागतातच, आणि पहिल्या दोन प्रश्नांना तेवढे पुरतात. सीव्हीसाठी लागणारा पोटेन्शिओस्टॅट मात्र महाग असायचा. 2011 मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी चीपस्टॅट नावाच्या यंत्राचा संपूर्ण आराखडा सर्वांसाठी खुला केला. ते घरी जोडता येते आणि सुट्या भागांचा खर्च 80 डॉलरच्या आत बसतो. भौतिकशास्त्र विभागातल्या सोल्डरिंगच्या टेबलावर ते बनवता येण्याजोगे आहे, आणि दोन विभागांनी मिळून तसे करावे.

पुस्तकाचा क्रम वरच्या चार प्रश्नांचाच आहे. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी नव्या संयुगाआधी करायची एक पडताळणी दिली आहे, आणि ती वगळू नये. सामू-अनुमापनासाठी तांबे आणि ग्लायसिन घ्या. 25 अंशांना आणि 0.1 आयनिक तीव्रतेला पहिल्या स्थैर्यांकाचा लॉगॅरिदम सुमारे 8.2 आणि दोन्हींचा मिळून सुमारे 15 यायला हवा. सीव्हीसाठी पोटॅशियम क्लोराइडमधले फेरीसायनाइड घ्या, शिखरांमधले अंतर पाहा, आणि विभवाच्या फेऱ्यांचा वेग चौपट केल्यावर शिखराची उंची दुप्पट होते का ते तपासा. हे आकडे जुळेपर्यंत नव्या लिगँडची बाटली उघडू नका. जुळले की तुमच्या वहीत तापमान, आयनिक तीव्रता, द्रावकाचे प्रमाण आणि संदर्भ इलेक्ट्रोड या चार गोष्टी प्रत्येक आकड्याशेजारी लिहा. एवढे असेल तर सिरसाळ्यात काढलेला स्थैर्यांक झुरिचमधला माणूस स्वतःच्या टेबलावर पुन्हा काढून पाहू शकेल, आणि तो जुळेल.